दुपारच्या सत्राची सही

अकोल्याच्या त्या प्रशिक्षणात दुपारची सही मी सकाळीच ठोकली होती. हजेरीपटावर दोन रकाने होते, सकाळचं सत्र आणि दुपारचं सत्र. माझ्या आधीच्या सात-आठ बायांनी दोन्ही भरून टाकले होते, मग मीही भरले. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आम्ही शिक्षक मंडळी फळ्यावर "नेहमी खरे बोलावे" लिहिणार आणि प्रशिक्षणाला गेलो की पहिलं काम हेच करणार. जेवण झालं की कोणाला बाजार गाठायचा असतो, कोणाला माहेर. मला अमरावतीची एसटी गाठायची होती. घरी माझी नऊ वर्षांची पोरगी होती, चौथीत जाणारी, आणि तिच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेने माझं डोकं खाल्लं होतं.

सकाळच्या सत्रात एक डॉक्टरबाई बोलल्या. लहान मुलांच्या मेंदूवर त्यांचा अभ्यास होता. त्यांनी फळ्यावर मेंदू काढला, आमच्यातली एक जण म्हणाली, "फुलकोबीच काढली वो यायनं," आणि आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. पण बाई बोलायला लागल्या तशी मी सावरून बसले. मुलाचं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर टिकतं, म्हणाल्या. टीव्ही, खिडकी, येणारेजाणारे, जितकं आजूबाजूला जास्त तितकं लक्ष फाटतं. अभ्यासाची जागा साधी ठेवा, समोर पसारा नको. मी वहीत लिहून घेतलं आणि लाल पेनने खाली दोन रेघा मारल्या. मला तर हे माझ्यासाठीच सांगितल्यासारखं वाटत होतं. जेवायची सुट्टी झाली, वांग्याची भाजी आणि पोळी खाल्ली आणि दीडची गाडी धरली. वही अर्धी भरली होती. पुरे झालं, असं वाटलं.

तो काळच वाईट होता, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा. गावाकडून फोन आला की आम्ही "बरे आहेत ना" असं नव्हतो विचारत, "सगळे आहेत ना" असं विचारायचो. शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणी पेपर उघडला की एखादी मॅडम उठून पाणी प्यायला जायची, कारण तिच्या माहेरच्या तालुक्याचं नाव पहिल्याच पानावर असायचं. आमच्या मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नांदगाव खंडेश्वरकडे वावर होतं, काळ्या जमिनीचं, पराटीचं, म्हणजे कपाशीचं. ते धट्टेकट्टे होते, हट्टी होते, त्यांना शेती सोडायची नव्हती. त्यांच्या मुलाने मात्र, माझ्या नवऱ्याने, वावर सोडलं आणि तो अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात पाळीवर लागला. आम्ही अमरावतीत दोन खोल्या घेतल्या. आणि मी ठरवून टाकलं होतं की पोरीच्या नखात काळी माती दिसली नाही पाहिजे. तिने शिकायचं, नोकरी धरायची आणि वावराकडे ढुंकून पाहायचं नाही. त्या वर्षांत आमच्याकडच्या हजार आयांनी हेच ठरवलं असेल. त्यांचं त्यांना माहीत, मी माझं सांगते.

आता पोरीचं सांगते. तिसरीत तिच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, "हुशार आहे, पण लक्ष नसते." मास्तरणीची पोरगी आणि लक्ष नसते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं म्हणजे ती पाढा म्हणता म्हणता थांबायची आणि भिंतीवरच्या मुंग्यांची रांग कुठून कुठे चालली ते पाहत बसायची. गणित सोडवताना पाय हलवायची. गोष्ट विचारली तर सगळी सांगायची, पण तिच्या क्रमाने, शेवटापासून.

पण हीच पोरगी वावरात वेगळी होती, आणि हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, तेच तर बोचतं. आमच्याकडे शाळा उघडते जूनच्या शेवटी, तोवर पेरणीचे दिवस येतात. सात आणि आठ वर्षांची असताना ती तेव्हा आजोबांकडे होती. वावरात आधी उभे काकर पाडतात, मग आडवे. जिथे दोन रेघा एकमेकींना कापतात ती फुली. त्या फुलीवर बोटाने भोक पाडायचं, सरकीचं बी टाकायचं, माती ओढायची आणि पुढच्या फुलीवर जायचं. याला टोबणं म्हणतात. बायांच्या रांगेत माझी पोरगी फ्रॉकच्या ओच्यात बी घेऊन टोबायची. एक फुली सुटायची नाही. मामाजींनी तिला सांगितलं होतं, बोटाची दोन पेरं खोल, तर तिची दोन पेरं म्हणजे दोनच पेरं. उन्हात तास न् तास खाली मान घालून चालायची, हाक मारली तरी ऐकू यायचं नाही. आठ दिवसांनी कोंब वर आले की मामाजी लोकांना आणून दाखवायचे, "हे तास माह्या नातीचे. एक नांगा नाई." तास म्हणजे पेरलेली ओळ आणि नांगा म्हणजे न उगवलेली रिकामी जागा.

मी ते धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहून पाहिलं होतं. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हिला हेच जमायला लागलं तर?

तर अकोल्याहून आले आणि कामाला लागले. बाहेरच्या खोलीत खिडकी होती, तिथून रस्ता दिसायचा. तिथून तिचा पाट उचलला आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मांडला. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. टीव्हीवर चादर टाकली. नवरा म्हणाला, "अवो, हे काय जेलखाना करून राहिली?" मी म्हटलं, "मेंदूचं शास्त्र हाय हे. तुमाले नाई समजणार." पहाटे चारला तिला उठवायची, तोंडावर पाणी मारायची आणि त्या भिंतीपुढे बसवायची. शाळेतून आली की पुन्हा तिथेच. मी मागे खाटेवर बसून तिच्या पाठीकडे पाहायची. मान हलली की हाक मारायची. हाकेने भागलं नाही की हात होताच.

त्याच आठवड्यात मामाजी आले. पिशवीत शेंगा होत्या. चहा घेतला आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, पोट्टीले चार रोजासाठी न्याले आलो. टोबाचं हाय. पुडीतलं बी महाग, बाया गप्पा मारत मारत टोबतात, फुल्या सोडतात. तिच्यावानी कोणी टोबत नाई." पोरगी आतून उठून दारात येऊन उभी राहिली. चप्पल तिच्या पायात होती. इतक्या लवकर तिने कधी चप्पल घातली, मला कळलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "तिची परीक्षा हाय मामाजी. आता ती येत नाई. यावर्षी नाई अन् पुढंही नाई."

"चार रोज वो."

"तिचं लक्ष नाई लागत अभ्यासात. वावरानंच लागत नाई."

मामाजी फटकळ माणूस, पण सुनेला टाकून बोलायचे नाहीत. एवढंच म्हणाले, "लक्ष नाई? हिचं?" मग पिशवी झटकून घडी केली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. पोरगी भिंतीपुढे जाऊन बसली. चप्पल काढायची राहिली होती, त्यावरूनही मी ओरडले.

दिवाळीच्या आधी मला भिंत दिसली. पाट हलवून झाडत होते तर पाटाच्या वर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, चुन्याच्या भिंतीत बारीक बारीक भोकं. पेन्सिलीच्या टोकाने पाडलेली. एक दोन नाही, हातभर रुंदीची भिंत भरली होती. माझं डोकं फिरलं. भाड्याचं घर, घरमालकीण शेजारीच. म्हणजे मी मागे बसून पाठीवर डोळे लावून होते आणि ही समोर हे उद्योग करत होती! शाळेतून आली तशी दंडाला धरून भिंतीपुढे नेली. "हे काय हाय?" मी कानाखाली दिली. जोरात दिली, खोटं कशाला बोलू. वर म्हणाले, "तुह्या डोक्याले कुलूप हाय का वं? काई जातच नाई आत?"

आवाज ऐकून घरमालकीण आली. ती शिलाईकाम करायची, आम्ही तिला खाला म्हणायचो. मला वाटलं भिंतीवरून बोलेल. तिने भिंत पाहिली, पोरीच्या गालावरची बोटं पाहिली आणि पोरीला पोटाशी धरलं. "चूना तो लग जाएगा," मला म्हणाली, "पर दीवार को देखके कौन पढ़ता है बाई? ही माझ्याकडे येते ना, तर सुईत दोरा एका दमात घालते. माझे डोळे गेले, म्हणून मी हिलेच हाक मारते." मी म्हटलं, "खाला, हे शास्त्र हाय." ती म्हणाली, "होगा," आणि पोरीला हात धरून घेऊन गेली.

मी लोखंडी कपाट सरकवून ती भोकं झाकली आणि पाट दुसऱ्या भिंतीपुढे मांडला.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला जास्त जड जाते. माझ्या हाती प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आलं होतं, पूर्ण दिवसाचं. त्यावर शाळेने मला पालकसभेत बोलायला उभं केलं. समोर हमाल, रिक्षावाले, गावं सोडून आलेली कुटुंबं, कापूस बाजारातले मापारी. मी त्यांना फुलकोबी काढून दाखवली आणि सांगितलं, पोराले भिंतीकडे तोंड करून बसवा. सगळं काढून घ्या. खेळणी काढा, पतंग काढा. लोकांनी माना डोलावल्या. एक बाई मागून म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात तं काढाले काईच नाई." सगळे हसले, मीही हसले. किती पोरं माझ्यामुळे भिंतीपुढे बसली असतील, मला माहीत नाही. मी शोधायलाही गेले नाही.

स्कॉलरशिप मिळाली नाही. त्यानंतर निवासी शाळेची प्रवेश परीक्षा दिली, तीही नाही. मामाजी दर जूनला निरोप पाठवायचे आणि मी दर जूनला नाही म्हणायचे. पोरगी मात्र सुधारली, असं लोक म्हणायचे. पाय हलवायची थांबली. मुंग्या पाहायची थांबली. मी खोलीत गेले की ताठ बसायची. उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहायची. पाहुणे म्हणायचे, किती शहाणी पोरगी आहे, आवाज म्हणून नाही. मी खूष व्हायचे. मला दिसत कसं नव्हतं?

तीन वर्षांनी पुन्हा अकोल्याला प्रशिक्षण निघालं. त्याच डॉक्टरबाई, तेच सत्र. मी आता जुनी, प्रशिक्षित, म्हणून तिथल्या साहेबांनी हजेरीपटच माझ्या हाती दिला. "दुपारच्या सह्या दुपारीच घ्या मॅडम. लोक पळून जातात." मी "हो सर" म्हटलं. जेवण झाल्यावर बाया माझ्या मागे लागल्या, "द्या ना वो, गाडी चुकते." मी कोणाला दिला नाही. हजेरीपट मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. आणि अशा रीतीने त्या सत्राची दुसरी बाजू मी पहिल्यांदा ऐकली.

बाई म्हणाल्या, "सकाळी सांगितलं ते सोपं होतं. पसारा तुम्ही उचलाल. पण सगळ्यात मोठा पसारा घरात तुम्हीच असता." लोक हसले. मग त्या म्हणाल्या, "मूल घाबरलं की त्याचा मेंदू धडा पाहत नाही, धोका पाहतो. ती त्याची चूक नाही. मेंदू बनलाच तसा आहे, आधी जीव वाचवतो, मग शिकतो. पुस्तक समोर असतं, पण अर्धं लक्ष तुमच्या हाताकडे असतं. आणि हे रोज झालं तर त्याला सवयच लागते, तुम्ही नसलात तरी." मग झोपेचं सांगितलं. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, अर्ध्या झोपेतून उठवलेलं लेकरू काल शिकलेलंही गमावतं. आणि शेवटी हातांचं सांगितलं. ज्या कामात मूल स्वतःहून रमतं, हाक मारली तरी ऐकू येत नाही, ते काम शोधा. शिवण असो, माती असो, काही असो. तिथे ते लक्ष द्यायला शिकतं. ते कधीच तोडू नका.

माझ्या हातातला पेन कधी थांबला ते समजलं नाही. शेजारची मॅडम म्हणाली, "काहून वो, बरं नाई वाटत का?" मी हजेरीपट तिच्या मांडीवर ठेवला आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. दुपारच्या रकान्यात माझी सही त्या दिवशी झालीच नाही.

घरी आले तेव्हा पोरगी खालाकडे होती. मी कपाट सरकवलं. एकटीने सरकवलं, पायावर आलं तरी सरकवलं. चुना तिथे कोणी लावलाच नव्हता. भोकं होती तशीच होती. मी तीन वर्षांपूर्वी ती पाहिली होती, पण पाहिली कुठे होती? उभ्या रांगा सरळ, आडव्या रांगा सरळ. दोन भोकांमधलं अंतर सगळीकडे सारखं. एकही जागा सुटलेली नव्हती. ती टोबत होती. आजोबांकडे जाऊ दिलं नाही म्हणून माझी पोरगी भिंतीवर टोबत होती, आणि मागे मी बसलेली असताना, माझा हात कधी पडेल याची भीती असताना एवढं सरळ टोबत होती. मी खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गावाला गेले. पेरण्या सुरूच होत्या. एसटीत तिने दोनदा विचारलं, "अभ्यास?" मी म्हटलं, "राहू दे अभ्यास." तिला ते खरं वाटलं नाही. दप्तर मांडीवर धरून बसली होती.

मामाजी थकले होते. तीन वर्षांत दात गेले होते. आम्हाला पाहून धुऱ्यावरून उठले, नातीकडे पाहून म्हणाले, "उंच झाली वो!" आणि जास्त काही न विचारता तिच्या ओढणीच्या टोकात मूठभर बी बांधून दिलं. काकर पाडून ठेवले होते, उभे आणि आडवे. फुल्या डोळ्यांसमोर लांबपर्यंत पसरल्या होत्या. मी निंबाखाली बसले आणि मनात म्हटलं, जा माय, आता कोणी हाक मारणार नाही.

ती पहिल्या फुलीवर वाकली. बोट खुपसलं, बी टाकलं, माती ओढली. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली, बरोबर आहे.

दुसरी फुली. बी टाकलं, माती ओढली, वळून पाहिलं. तिसरी. चौथी. तासातल्या बाया पुढे निघून गेल्या. तिने एक फुली सोडली, मग मागे येऊन पाहिली, तिथे बी टाकलं की नाही तेच तिला आठवेना. उकरून पाहायला लागली. मामाजी काठी टेकत माझ्याजवळ आले. नातीचं उकरणं पाहिलं. मग म्हणाले, "पोट्टीले काय केलं तुमी?"

चार वाक्यांत सांगता आलं असतं, शास्त्रासकट.

मी उठले आणि निंबाच्या मागे, तिला दिसणार नाही अशी जाऊन बसले. वाटलं, मी नसले तर करील. खोडाच्या आडून पाहत होते. तिने बी टाकलं, माती ओढली आणि वळली. मी जागेवर नव्हते. ती सरळ उभी राहिली, मातीचा हात तसाच धरून, आणि मी कुठून पाहते आहे ते शोधायला लागली.